खिळे, ब्लॉक आणि वेबपी

मागच्या शनिवारी कुंडलला घरी गेलो होतो. माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांनी जपलेले 'किर्लोस्कर' मासिकाचे जुने अंक सापडले. पानं हात लावला की तुटतात. चुलतभावाने त्यातल्या चित्रांचे फोटो काढले, कुठल्याशा अ‍ॅपमधून बारीक केले आणि मला पाठवले. पुण्यात येऊन ईमॅक्समधल्या टिपणांत ते लावायला गेलो, तर चित्राऐवजी नुसता अक्षरांचा चिखल! फाइलच्या नावात जेपीजी, पण पहिल्याच ओळीत 'रिफ' आणि 'वेबपी'. म्हणजे पाटी एकाची, घरात दुसराच.

आता तुम्ही म्हणाल, टेक्स्ट एडिटरात चित्रं हवीत कशाला?

हा प्रश्न आमच्या शेजारच्या गावाने कधीच सोडवलाय. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना काढला. त्या स्टेशनचं नावच पुढे किर्लोस्करवाडी झालं. 1920 मध्ये तिथूनच 'किर्लोस्कर खबर' निघालं, त्याचंच पुढे 'किर्लोस्कर' झालं. संपादक शं. वा. किर्लोस्कर स्वतः चित्रकार. पण खिळ्यांच्या छपाईत मजकूर जुळवता येतो, चित्र नाही. त्याचा वेगळा ब्लॉक करून लाकडावर बसवायचा, आणि उंची बरोबर खिळ्याइतकी. कमी पडली तर चित्र उमटत नाही, जास्त झाली तर कागदाला खड्डा पडतो.

गंमत म्हणजे ईमॅक्सही हेच करतो. तिथे चित्र म्हणजे मजकुरातल्या एखाद्या अक्षराच्या जागी बसवलेला ब्लॉक. 2001 साली आलेल्या ईमॅक्स 21 मध्ये ही सोय झाली. पण बहुतेक फॉरमॅटना वेगळी लायब्ररी लागते, आणि तिच्याबरोबर तिची भांडणंही येतात.

गिफचंच बघा. 1987 चा फॉरमॅट, सगळीकडे पसरला, आणि डिसेंबर 1994 मध्ये युनिसिसच्या पेटंटपोटी पैसे मागितले जाणार असं जाहीर झालं. त्या चिडीतून 1996 साली पीएनजी जन्माला आला. ईमॅक्स 21 ने गिफसाठी लिबअनगिफ ही पेटंटातलं कॉम्प्रेशन टाळणारी लायब्ररी घेतली. अमेरिकेतलं पेटंट 2003 मध्ये संपलं.

वेबपी गूगलने 2010 साली आणला. ईमॅक्समध्ये त्याची थेट सोय झाली ती जुलै 2023 च्या 29.1 मध्ये. तेरा वर्षं! उशीर म्हणून मीही कुरकुर केली असती. पण दोनच महिन्यांत, सप्टेंबर 2023 मध्ये, लिबवेबपीत मोठं भगदाड सापडलं. मुद्दाम बनवलेलं चित्र नुसतं उघडलं तरी मेमरीत गडबड करता येत होती. ब्राउझरवाल्यांची धावपळ झाली. नवा फॉरमॅट म्हणजे घराला नवीन दार. कडी कोण बघणार, हेही ठरवावं लागतं.

असो. मी लायब्ररी अपडेट केली, ईमॅक्स नव्याने कंपाइल केला, आणि चित्रं दिसली. पण झूम केल्यावर बारीक रेघा पुसट! बारीक करतानाच त्या गेल्या होत्या. आता त्याचा पीएनजी करून काय उपयोग? गेलेली रेघ फॉरमॅट बदलून परत येत नाही.

ईमॅक्सला उगाच शिव्या घातल्या. नुकसान आधीच झालं होतं. पुढच्या खेपेला स्कॅनर घेऊन जातोय. मूळ प्रत पीएनजीत ठेवायची, टिपणांपुरता वेबपी. पानं अजून हातात धरता येतायत, तोवर.