घरातली स्मार्ट एक्सरसाइज बाईक: आधी पेडल तपासा

ॲप स्पीड, कॅलरी सगळं दाखवतं. सैल झालेलं पेडल मात्र दाखवत नाही. तसंच चालवत राहिलात तर क्रँकचे आटे जातात आणि पेडल निसटून पायाला इजा होऊ शकते. मी महिन्यातून एकदा १५ नंबरच्या पान्याने दोन्ही पेडल तपासतो. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. ते घड्याळाच्या उलट दिशेने घट्ट होतं.

सीटखालचा दांडाही हलवून बघा. तो तुटण्याच्या धोक्यामुळेच मे २०२३मध्ये अमेरिकेत पेलोटॉनच्या सुमारे २२ लाख बाईकचा रिकॉल जाहीर झाला होता.

व्यायामानंतर घाम पुसा, नाहीतर बोल्ट गंजतात. रिपेअरसाठी कव्हर उघडण्याआधी प्लग काढाच.