नागदवणा, लिली आणि सूरजागडच्या दोन बिया



चातुर्मासात माती उकरायची नाही, असा आमच्या सासूबाईंचा नेम. म्हणून कुंड्या बदलणं, लिलीचे कांदे सुटे करणं ही कामं आमच्याकडे चैत्रातच उरकतात. चार वर्षांपूर्वी अशाच एका चैत्रात माझ्या हातून चूक झाली, आणि एका फुलाचा इतिहास मला शोधावा लागला.

आमच्या मंदिराच्या फाटकाशी पांढऱ्या लिलीची रांग आहे. लांब हिरवी पट्ट्यांसारखी पानं, कोळ्याच्या पायांसारख्या सहा बारीक पाकळ्या आणि मध्ये पातळ पडद्याची वाटी. संध्याकाळच्या आरतीला तिचा वास दारापर्यंत येतो. पाठशाळेतल्या मुलांना मी बेधडक सांगितलं होतं की हीच भक्तामरातली नागदमनी. अठ्ठेचाळीस श्लोकांतल्या एकेचाळिसाव्यात फणा उभारून अंगावर येणारा काळा नाग आहे, आणि आचार्य मानतुंगांनी भगवंतांच्या नामालाच नागदमनी म्हटलं आहे. मराठीत नागदवणा म्हणतात तीच ती, असं मी ऐकलं होतं. लिलीलाही कोणीकोणी नागदवणा म्हणतं. मी दोन्ही जोडून टाकलं. झालं! दारात लावायला कांदे द्या म्हणून बायका मागे लागल्या.

मी कुंडी मोकळी केली, दहा-बारा कांदे निघाले, ते जिन्याच्या कट्ट्यावर वाळत ठेवले. आपल्या घरात कांदा येत नाही, त्यामुळे कांद्यासारखं काही दिसलं तरी आपल्या डोक्यात स्वयंपाक येत नाही. वर भाड्याने राहणाऱ्या दोन विद्यार्थ्यांच्या मात्र आला. त्यांनी एक कांदा चिरून भाजीत घातला. रात्रभर दोघांना उलट्या. सकाळी सलाईन लागलं, दुपारपर्यंत बरी झाली, पोरं हसतही होती. मला मात्र हसू आलं नाही. तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येत आधी प्रमाद येतो, हे मी पाठशाळेत शिकवते. कट्ट्यावर एक चिठ्ठी ठेवली असती तरी पुरलं असतं.

मग वाचायला बसले. पहिली गोष्ट कळली ती अशी की फाटकाजवळची लिली नागदमनी असूच शकत नाही. ती अमेरिकेकडची, मेक्सिको, कॅरिबियन बेटं, तिकडच्या दलदलीतली आणि किनाऱ्यावरची. १८१२ साली सॅलिसबरी या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने तिच्या गटाला हायमेनोकॅलिस नाव दिलं. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ पडद्याचं सौंदर्य, म्हणजे ती मधली वाटी. मानतुंगाचार्यांच्या काळी हे झाड भारतात नव्हतंच.

नागदवणा मात्र आपल्या भूमीतला. शास्त्रीय नाव क्रायनम एशियाटिकम. फूल लांबून लिलीसारखंच, पण मध्ये वाटी नाही, सहा जांभळट तंतू मोकळे पसरलेले. मलबारच्या डच अधिकारी व्हान ऱ्हीड याच्या पुढाकाराने १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅमस्टरडॅमहून ‘हॉर्टस मलबारिकस’चे बारा खंड छापले गेले. त्यांच्या अकराव्या खंडात या क्रायनमांची मोठी चित्रं आहेत. अशा चित्रांवरूनच पुढे लिनियसने त्यांना नावं दिली. आपल्या वैद्यांच्या नागदमनीबद्दल एकमत नाही, काहीजण दवण्याच्या जातीची एक वनस्पतीही त्या नावाखाली धरतात. म्हणून आता मी पाठशाळेत एवढंच सांगते की नागदवणा हा त्या नावाचा एक वारसदार आहे.

आणि दुसरी गोष्ट वाचली तेव्हा त्या पोरांची आठवण येऊन पोटात ढवळलं. १८६८ साली निघालेल्या ‘फार्माकोपिया ऑफ इंडिया’ या सरकारी औषधग्रंथात नागदवण्याचा ताजा कांदा अधिकृत औषध म्हणून नोंदवला आहे. कशासाठी? उलटी करवण्यासाठी! परदेशी औषध महाग पडे, म्हणून हा देशी पर्याय. कांद्यात लायकोरिन नावाचं द्रव्य असतं, ते तिच्या अनेक नातेवाईक झाडांत सापडतं, अमेरिकन लिलीतही. म्हणजे नावाची गल्लत झाली तरी उलटीची झाली नव्हती. आणि हेही सांगून ठेवते की दारातल्या नागदवण्याने साप अडत नाही. साप चावला तर थेट दवाखाना.

त्याच वर्षी दशलक्षण पर्व संपल्यावर आम्ही एटापल्लीला गेलो. चुलतसासऱ्यांचं तिथे किराणा दुकान होतं. त्यांना सूरजागडकडच्या एका गावात उधारी वसूल करायची होती, मी गाडीत बसले. डोंगर लोहखनिजाचा, पावसाने धुतलेली माती कुंकवासारखी लाल. जानेवारीत इथे ठाकूरदेवाची यात्रा भरते, तेव्हा माडिया लोक लांबून येतात. आम्ही गेलो तेव्हा सगळीकडे शांतता होती. एका ओढ्याशी गाडी थांबली, आणि पाण्याच्या काठाला तो दिसला. गुडघाभर पानं, पांढरं फूल, वाटी नाही! नागदवण्याचं ओढ्याकाठचं भावंड, बहुधा क्रायनम विविपेरम. मुळं थेट चिखलात होती.

मला कांदा हवा होता, खोटं कशाला बोलू. पाणी भरायला आलेल्या एका माडिया आजींना मी खुणेने विचारलं. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. मग खाली वाकून चिखलातून लिंबाएवढ्या दोन हिरवट गोट्या उचलल्या आणि माझ्या हातावर ठेवल्या. त्या बिया होत्या.

त्या बियांनी माझा मोठा प्रश्न सोडवला. या झाडाची बी मांसल असते, स्वतःतच पाणी साठवून ठेवते. वर्तमानपत्रावर खिडकीत ठेवलेल्या त्या बियांना पाण्याचा थेंब न घालता तीन आठवड्यांत कोंब आले. विविपेरम हे नावही त्यावरूनच, जिवंत पिल्लू देणारं. कांदा उपटायला नको, फोडायला नको. बीही सचित्तच, हे मला कळतं. पण गळून पडलेली बी आणि उपटलेला कंद यांत मला फरक वाटतो. सासूबाईंना वाटत नाही. त्या विषयावर आमचं अजून चालू आहे.

लावायची असेल तर बारा इंचाची कुंडी घ्या. बी मातीवर नुसती टेकवा, पुरू नका. कांदा तयार झाला की त्याची मान मातीच्या वर राहू द्या. माती कायम ओली, सकाळचं ऊन, दुपारी सावली. लिलीचंही असंच. चंद्रपूरच्या मे महिन्यात मी कुंडी पाण्याच्या ताटलीत ठेवते, पण पाणी रोज बदलते, डास व्हायला नकोत म्हणून.

पावसाळ्यात काळे, पांढऱ्या-लाल ठिपक्यांचे सुरवंट येतात. जंगलात ते कळलावीवर असतात, गावात लिलीवर. दोन दिवसांत पानांची चाळण करतात. बाजारात फवारा मिळतो. मी तो आणत नाही. जुन्या लिलीची एक कुंडी त्यांच्यासाठी सोडली आहे, पानासकट उचलून त्यांना तिच्यात ठेवते. पुढे ते मातीत जाऊन कोष करतात, म्हणून त्या कुंडीची माती चैत्रातही हलवत नाही.

सूरजागडच्या रस्त्यावरून आता खनिजाचे ट्रक जातात. त्या ओढ्याकडे मी पुन्हा गेले नाही. दोन बियांपैकी एक रोप पहिल्याच उन्हाळ्यात गेलं. दुसऱ्याचं हे चौथं वर्ष, पानं हातभर झाली आहेत, फूल अजून नाही. कुंडीवर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे, ‘हा कांदा नाही’.