कोठडीवरील बाहेरची नजर : बीड जिल्हा आणि १९४८ नंतरचा काळ

निजामाच्या हैदराबाद संस्थानात बीड हा औरंगाबाद सुभ्यातील एक जिल्हा होता आणि आजचे अंबाजोगाई तेव्हा सरकारी दप्तरात मोमिनाबाद या नावाने नोंदले जाई. तेथील योगेश्वरी विद्यालयात अध्यापन केलेले स्वामी रामानंद तीर्थ १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले, १५ ऑगस्ट १९४७ रोजी पुन्हा पकडले गेले, आणि मधली अल्पकाळाची सुटका वगळता भारताने सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थानात सैन्य पाठवून केलेल्या पोलीस कारवाईपर्यंत स्थानबद्धच राहिले. स्थानबद्धता म्हणजे खटला न चालवता केलेला बंदिवास. तो भोगणाऱ्याची विचारपूस करण्याचा अधिकार त्या काळी कोणत्याही आंतरराष्ट्रीय संस्थेला नव्हता.

हैदराबादचे नाव आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर पोचले ते मात्र याच सुमारास. संस्थानाने २१ ऑगस्ट १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली, १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये तिच्यावर चर्चा सुरू झाली, तोपर्यंत भारतीय फौजा संस्थानात शिरून चार दिवस होत आले होते, आणि शरणागतीनंतर २२ सप्टेंबरला निजामाने तक्रार मागे घेत असल्याचे कळवले. परिषदेपुढील वाद दोन सत्तांमधील होता. रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या राजवटीच्या बाजूने लढणाऱ्या सशस्त्र स्वयंसेवकांच्या, अत्याचारांचा त्यात उल्लेख झाला तरी बंदिवानाला, मग तो कोणत्याही बाजूचा असो, त्या वादात पक्षकार म्हणून स्थान नव्हते.

पोलीस कारवाईनंतर पारडे फिरले. रझाकार असल्यावरून, किंवा नुसत्या तशा संशयावरून मोठ्या प्रमाणावर धरपकड झाली, आणि मराठवाड्यातील अनेक गावांत मुस्लिम वस्त्यांवर हल्ले झाले. भारत सरकारने पाठवलेली पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांची समिती २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात संस्थानात फिरली. तिच्या अंदाजानुसार सबंध संस्थानात किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली, आणि औरंगाबाद, बीड, नलगोंडा व मेदक या चार जिल्ह्यांत मिळून किमान पाच हजार; एकट्या बीडचा आकडा तिने वेगळा दिला नाही. काही ठिकाणी सैन्यातील माणसांनीच प्रौढ पुरुषांना घरांतून बाहेर काढून ठार केले, असे नमूद करतानाच इतरत्र सैनिकांनी लोकांचे रक्षण केले, हेही तिने नोंदवले. ही सद्भावना समिती होती, चौकशी आयोग नव्हे. तिला साक्षीदार बोलावण्याचा अधिकार नव्हता, आणि तिचा अहवाल अनेक दशके जनतेसमोर आला नाही. समितीचा हा दौरा चालू असतानाच, १० डिसेंबर १९४८ रोजी, पॅरिसमध्ये मानवी हक्कांचा सार्वत्रिक जाहीरनामा संमत झाला, ज्याच्या पाचव्या कलमाने छळ आणि अमानुष वागणूक निषिद्ध ठरवली आणि ज्याच्या मसुद्यावर हंसा मेहता यांनी भारताच्या वतीने काम केले होते. मात्र या निषेधाचे पालन होते की नाही हे तपासणारी यंत्रणा जाहीरनाम्यात नव्हती.

अशी यंत्रणा पुढे उभी राहिली. संयुक्त राष्ट्रांचा १९८४ चा छळविरोधी करार १९८७ पासून अमलात आला, आणि २००२ च्या त्याच्या पूरक करारान्वये एक उपसमिती सदस्य देशांतील कोठड्यांना पूर्वसूचनेशिवाय भेट देऊ शकते. भारताने मूळ करारावर १९९७ साली स्वाक्षरी केली, पण अनुसमर्थन, म्हणजे कराराचे बंधन रीतसर स्वीकारणे, केले नाही, आणि पूरक करारापासून तो दूरच राहिला. त्यामुळे बीडच्या कोठडीपर्यंत ही उपसमिती येण्याचा मार्गच नाही. जिल्ह्यात लागू असलेली व्यवस्था देशी आहे: कोठडीतील मृत्यू २४ तासांत कळवण्याची जबाबदारी राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने १९९३ च्या डिसेंबरमध्ये जिल्हाधिकारी व पोलीस अधीक्षकांवर टाकली. ती महत्त्वाची असली तरी खबर देणारे जिल्ह्याचेच अधिकारी असतात, हा तिचा कच्चा दुवा आहे.

बाहेरची नजर जिल्ह्याच्या सर्वांत जवळ आली ती संयुक्त राष्ट्रांच्या वांशिक भेदभावविरोधी समितीच्या रूपाने. पारध्यांसारख्या, बीडच्या गावांतही पाले टाकून राहणाऱ्या जमातींना इंग्रजांनी आपल्या अमलाखालील मुलखात १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवले होते. १९५२ साली हा शिक्का पुसला जाऊन त्या ‘विमुक्त’ ठरल्या, परंतु सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यांमधून पोलिसांचा संशय टिकून राहिला. २००७ साली या समितीने हे कायदे रद्द करून विमुक्त जमातींचे पुनर्वसन करण्याची शिफारस भारताला केली. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील जातीय भेदभावाचे नियम घटनाबाह्य ठरवताना विमुक्तांवरील याच शिक्क्याची दखल घेतली.