धक्का स्टार्टची कुळकथा

हँडल मारताना अंगठा चार बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, मुठीत गुंडाळायचा नाही. आणि हँडल खालून वर ओढायचं, वरून खाली दाबायचं नाही. गाडीशी संबंध आलेल्या प्रत्येकाला एके काळी हा पहिला धडा मिळायचा. कारण ठिणगी जरा आधी पडली, की इंजिन उलटा झटका देई आणि लोखंडी हँडल थेट मनगटावर बसे. मनगटाजवळचं हाड एका विशिष्ट तऱ्हेने मोडलं, तर डॉक्टर आजही त्याला ‘शोफर्स फ्रॅक्चर’ म्हणतात.

चार्ल्स केटरिंग या अमेरिकन इंजिनिअरने केलेला इलेक्ट्रिक सेल्फ १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांवर बसला आणि हाडं वाचली. फोर्डच्या मॉडेल टीला मात्र सेल्फ मिळायला १९१९ उजाडलं. सेल्फ आल्यावर गाडी बॅटरीवर अवलंबून राहू लागली. बॅटरी उतरली तर हँडल हाताशी होतंच, पण पुढे बंपरमधलं हँडलचं भोकही गेलं आणि उरला तो धक्का.

आपल्याकडे तो इतका रुळला, त्याचं मोठं कारण डायनॅमो. जुन्या फियाट, अँबॅसेडर, जीप यांचा डायनॅमो इंजिन संथ असताना जेमतेम चार्जिंग देई. रात्री दिवे लावून गर्दीतून रखडत घरी आलात, की सकाळी सेल्फ नुसता कण्हायचा. पण हाच डायनॅमो स्वतःच्या लोखंडात उरलेल्या चुंबकत्वावर वीज तयार करू शकायचा, त्यामुळे बॅटरी पार मेलेली असली तरी जोरदार धक्क्याला गाडी उठण्याची आशा असे. जुन्या डिझेल गाड्यांचं तर ठिणगीवाचून काहीच अडत नव्हतं. म्हणून ड्रायव्हर मुक्कामाला गाडी उतारावर लावत. एसटी ढकलायला खाली उतरलेल्या प्रवाशांना हे वेगळं सांगायला नको.

धक्क्याने गाडीची झीज होते का, हा प्रश्न तेव्हाही विचारला जाई. सेल्फ इंजिनाला मिनिटाला साधारण दोनशे फेरे देतो. छोट्या गाडीत दुसऱ्या गिअरवर चाकाचा एक फेरा म्हणजे इंजिनाचे सुमारे आठ. ताशी दहा किलोमीटरच्या वेगात क्लच सोडला, की इंजिन सातशेच्या आसपास फिरतं. हा वेग त्याच्या रोजच्या सवयीतलाच आहे. चाकांनी इंजिन फिरवणं हेही काही आक्रीत नाही. खंबाटकी घाट उतरताना अॅक्सिलरेटरवरचा पाय काढून दुसऱ्या गिअरवर गाडी आवरतो, तेव्हा तेच चाललेलं असतं. फरक फक्त त्या एका हिसक्याचा. पहिल्या गिअरवर तो जबर बसतो. इंजिनाखालचे रबरी माउंट, ड्राइव्हशाफ्टचे सांधे, क्लचप्लेट सगळ्यांना जाणवतो. टायमिंग बेल्ट जुना होऊन सैल पडला असेल, तर त्याचा एखादा दात सरकू शकतो. धडधाकट गाडीला वर्षातून एखाद्या वेळी दिलेल्या धक्क्याने काहीही बिघडत नाही, असं मी ठामपणे म्हणेन.

खरा धोका आला तो सायलेन्सरच्या वाटेने. १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. त्याच्या आत बारीक छिद्रांची सिरॅमिकची जाळी असते. इंजिन नुसतं फिरत राहिलं आणि पेटलं नाही, तर न जळलेलं पेट्रोल तिथे जाऊन साचतं. पुढे इंजिन पेटलं, की ते जाळीतच जळतं आणि जाळी वितळू शकते. जाळी आधीच तापलेली असेल, तर हे जास्त लवकर होतं. गाडीच्या पुस्तिकेत ढकलू नका असं छापलेलं असतं, ते मुख्यतः यासाठी. शिवाय आताच्या गाडीत पेट्रोलचा पंप, इंजेक्टर, कॉम्प्युटर सगळं विजेवर चालतं आणि डायनॅमोच्या जागी आलेल्या अल्टरनेटरलाही जागं व्हायला थोडी वीज लागते. बॅटरी पूर्ण मेली असेल, तर दहा माणसं लावूनही उपयोग नाही.

तेव्हा दिवे जरा तरी लागत असतील, तर चावी ऑन, दुसरा गिअर, वेग आल्यावर क्लच झटकन सोडायचा आणि इंजिनाने घेतल्याबरोबर पुन्हा दाबायचा. दोन-तीनदा करूनही उठली नाही, तर थांबावं आणि जंपर केबल असलेला शेजारी शोधावा.