गायरानावरचा गोल्फ

ऑफिसातल्या आम्ही चौघांनी स्कॉटलंडची गोल्फ ट्रिप ठरवली आणि एक्सेल शीट अर्थातच माझ्या गळ्यात पडली. एडिंबरापर्यंत विमान, लूखर्सपर्यंत ट्रेन, पुढे बस... सगळे रकाने भरले. सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सपाशी मात्र अडलो. आगाऊ बुकिंगच्या वेळा कधीच्या संपलेल्या. उरलेल्या चक्क चिठ्ठ्या काढून मिळतात! खेळायच्या दोन दिवस आधी दुपारी दोनपर्यंत नावं द्यायची आणि देव पाण्यात ठेवायचे.

"अरे, जगातलं इतकं नावाजलेलं कोर्स आणि चिठ्ठ्या कसल्या काढतात?" आमचा मॅनेजर वैतागला. प्रश्न बरोबर होता. उत्तर शोधण्यात माझी शनिवारची रात्र गेली.

तर मंडळी, लिंक्स म्हणजे किनाऱ्याची पुळण आणि आतली शेतं यांच्यामधली वाळूची, उंचसखल जमीन. नांगराला निरुपयोगी. तिथे गुरं चरायची, लोक कपडे वाळत घालायचे आणि दांडक्याने चेंडू मारायचे. थोडक्यात, गावाचं गायरान. पोरं धनुष्यबाणाचा सराव सोडून गोल्फ खेळतात म्हणून १४५७ मध्ये स्कॉटिश संसदेने या खेळावर बंदी घातली होती. किती पाळली गेली ते दिसतंच आहे.

१५५२ मध्ये आर्चबिशप हॅमिल्टनना इथे ससे पाळायचे होते. गावाने परवानगी दिली, पण बदल्यात आपला खेळायचा हक्क लेखी घेतला. हा कागद फार मोलाचा.

कारण पुढे नगरपालिकेचं दिवाळं वाजलं. १७९७ मध्ये लिंक्स हातची गेली आणि डेम्प्स्टर नावाच्या व्यापारी बापलेकांनी तिथे सशांचा धंदा मांडला. हिरवळीला बिळंच बिळं! गोल्फवाले ससे मारू लागले, मारामाऱ्या झाल्या, खटला पार हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. वीसेक वर्षं हे चाललं. शेवटी १८२१ मध्ये शेजारचे जमीनदार आणि स्वतः गोल्फर असलेले जेम्स चीप यांनी जमीनच विकत घेतली आणि खेळ वाचला. (होल अठराच का, याचं उत्तरही इथलंच. आधी बावीस होते, १७६४ मध्ये काही छोटे वाटले म्हणून जोडून टाकले. कुणाच्या तरी पॅचला पुढे सगळ्या जगाने स्टँडर्ड मानायचं, हे आपल्या धंद्यात नवीन नाही.)

पण चीप झाले तरी खाजगी मालकच. भला माणूस गेला की पुढचा कसा निघेल, काय सांगावं? १८९४ मध्ये खास कायदा करवून गावाने लिंक्स परत मिळवली. १९७४ च्या कायद्याने कारभार एका ट्रस्टकडे गेला. म्हणजे आजही ते कोर्स कुठल्या क्लबच्या मालकीचं नाही, सार्वजनिक आहे. म्हणून तर आमच्यासारख्या परक्यांचीही चिठ्ठी त्या डब्यात पडू शकते.

माझ्या आजोळच्या गायरानावर आता प्लॉट पडलेत. तिथे कुणी कागद जपून ठेवला नव्हता. असो.

एक गोष्ट उशिरा कळली. रविवारी ओल्ड कोर्सवर सहसा खेळ बंद असतो. गावातले लोक कुत्री घेऊन, पोरं घेऊन तिथे फिरायला येतात, कुणीही यावं.

रविवारचा रकाना रिकामाच होता. त्यात लिहिलं: ओल्ड कोर्स, पायी, खर्च शून्य.