चाळिशीतले जोर

डिसेंबर २०१८ मध्ये 'महाराष्ट्र केसरी'ची स्पर्धा आमच्या जालन्यात भरली, तेव्हा शाल लपेटून मीही गर्दीत बसलो होतो. बुलढाण्याकडून उतरलेल्या बाला रफिक शेख याने अभिजित कटके याला हरवून गदा खांद्यावर घेतली आणि सारे मैदान उठून उभे राहिले. शेजारी पटका बांधलेले एक आजोबा होते. माझ्या पोटाकडे दृष्टी टाकून ते म्हणाले, "मास्तर, तुमी कवा लंगोट लावला व्हता का?"

लावला होता. त्याला वीस वर्षे झाली होती.

आमच्या गावी मारुतीच्या पारापाशी एक गोल दगडी गोटी पडलेली आहे. विशीत मी ती खांद्यावर घेत असे. जालन्याहून परतल्यावर एका पहाटे, कोणी पाहत नाही अशा बेताने, तिला हात घातला. ती गुडघ्यापर्यंत आली आणि माझ्या पायावर पडता पडता राहिली. पाहणारे होतेच. दुसऱ्या दिवशी सातवीच्या फळ्यावर गोटीचे सुरेख चित्र काढलेले! मी ते पुसले नाही. शेजारी उरलेल्या जागेत भागाकार शिकवला.

शाळामास्तराला लाज वाटली की तो पुस्तकांकडे वळतो. बलोपासना म्हटले की आमच्या जिल्ह्याला प्रथम समर्थ आठवतात. त्यांचा जन्म १६०८ साली आमच्याच घनसावंगी तालुक्यातील जांबेचा. नाशिकजवळ टाकळीला ते रोज बाराशे नमस्कार घालीत, असे परंपरा सांगते. पण ते वय कोवळे होते. मला हवा होता चाळिशीचा माणूस, आणि तो मिळाला सातारकडच्या औंध संस्थानात.

औंधचे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी १८६८ साली जन्मले. त्या काळी युजेन सँडो या जर्मन मल्लाचे नाव जगभर गाजत होते. शरीर कमावणे ही काही तमासगिरांची मिरास नव्हे, कारकुनानेही डंबेल्स घेऊन ते करावे, असे तो सांगे. १९०१ साली त्याने लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये आपल्या हौशी शिष्यांची स्पर्धा भरवली, आणि तिच्या परीक्षकांत शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉईल होते. पुढे तो हिंदुस्थानातही येऊन खेळ करून गेला. भवानरावांनी त्याच्या आधीच, १८९७ साली, सँडोची पुस्तके आणि साधने मागवली होती व सुमारे दहा वर्षे नेमाने मेहनत केली.

मग १९०८ च्या सुमारास, ऐन चाळिशीत, मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून त्यांनी सूर्यनमस्कार धरले. गादीवर बसण्यापूर्वीची ही गोष्ट. पुढे संस्थानातल्या शाळांत त्यांनी नमस्कार सक्तीचे केले (पोरांनी किती बोटे मोडली असतील, ते मास्तरालाच ठाऊक), आणि १९३८ साली त्यांचे नमस्कारांवरील इंग्रजी पुस्तक लंडनला निघाले. तेव्हा ते सत्तरीला आले होते. सँडो १९२५ मध्ये अठ्ठावन्नाव्या वर्षी वारला. भवानराव १९५१ पर्यंत जगले. एवढ्यावरून डंबेल्स वाईट आणि नमस्कार चांगले, असे मी म्हणणार नाही. मला मोल वाटते ते चाळिशीत नव्याने आरंभ करण्याचे.

आमच्या तालमींत ही सोय नव्हती. तिशी उलटली की पहिलवान एक तर वस्ताद होतो, नाहीतर नुसताच जाडा. वस्तादाला मान मोठा, पण त्याला कोणी झुंजायला बोलावत नाही.

आणि गरज तर खरी पुढेच असते. माझे वडील पासष्टीत पाटावरून उठताना भिंत धरू लागले, आणि नंतर उठेनासेच झाले. आम्ही त्याला वय म्हणालो. १९९० साली अमेरिकेत बोस्टनच्या डॉक्टरांनी नव्वदीच्या आसपासच्या दहा वृद्धांना आठ आठवडे, पेलवेल तितके जड वजन पायांनी उचलायला लावले. एक जण मध्येच सुटला. उरलेल्या नऊ जणांच्या पायांचे बळ सरासरी १७४ टक्के वाढले. हे वाचले तेव्हा वडील जाऊन सहा वर्षे झाली होती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मी तालुक्याच्या व्यायामशाळेत जाऊ लागलो. सावकाश शंभर बैठका काढण्याऐवजी जड सळई खांद्यावर घेऊन पाचच बैठका, पण पाचवीला डोळ्यांपुढे काजवे! मग दोन दिवस विश्रांती. विश्रांती हाही मेहनतीचाच भाग, हे मला तालमीत कोणी सांगितले नव्हते. पॉवरलिफ्टिंग नावाच्या खेळात चाळीस ते एकोणपन्नास वयाचा निराळा गट असतो, हेही तिथेच कळले. त्यातली डेडलिफ्ट म्हणजे जमिनीवरचे वजन उचलून ताठ उभे राहणे. आमची गोटीच, फक्त लोखंडाची.

गेल्या हिवाळ्यात एका हौशी स्पर्धेत नाव दिले. घरात, "अहो, मणका मोडला तर शाळेला काय सांगू?" एवढेच विचारले गेले. आमच्या गटात आम्ही चौघे होतो: एक एसटीचे वाहक, एक किराणा दुकानदार, एक तलाठी आणि मी. प्रत्येकाला तीन संधी. १०० किलो उठले, ११० उठले. १२० गुडघ्यांपर्यंत आले आणि तिथेच थांबले. माझा नंबर तिसरा; दुकानदारांनी पहिला पटकावला आणि सर्वांना पेढे दिले.

मारुतीची गोटी सध्या छातीपर्यंत येते. पहाटे पारावर दोन-तीन पोरे येऊन बसतात. त्यांतल्याच एकाने ते चित्र काढले होते, असा मला संशय आहे.