भातुकली : इवल्या चुलीची कुळकथा

तुळशीबागेत भातुकली मागितली की दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, “मुलगी केवढी आहे?” त्या विचारण्यात वाईट काहीच नसतं. वयाप्रमाणे भांडी लहान-मोठी दाखवायची असतात, एवढंच. मी म्हटलं, “मुलगा आहे. पाच वर्षांचा, माझा भाचा.” त्यानं क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि ट्रकच्या खोक्याकडे हात नेला. “नाही, भातुकलीच हवी,” असं मला पुन्हा सांगावं लागलं. तेव्हापासून हा खेळ मुलींचाच कधी आणि कसा झाला, हे डोक्यातून जात नाही.

सुरुवात शब्दापासून करू. जुन्या मराठीत ‘भातुके’ म्हणजे लहानग्याला दिलेला खाऊ. संतांच्या वाणीतही हा शब्द भेटतो. आपला ‘भात’ आला संस्कृत ‘भक्त’पासून, प्राकृतातल्या ‘भत्त’मार्गे, भक्त म्हणजे शिजवलेलं अन्न. भातुकली या नावात भांडं नाही, चूल नाही, घर नाही. आहे तो घास. आणि खेळायला बसलेल्या पोरांना विचारा, खरी ओढ कशाची असते? चुरमुरे, डाळं, गूळ, शेंगदाणे यांचीच. पितळी कढईत खोटाखोटा परतलेला तो मूठभर खाऊ खराखरा तोंडात जातो.

अशा खेळाचा उल्लेख फार जुना आहे, आणि तो सापडतो एका अनपेक्षित ठिकाणी, वात्स्यायनाच्या कामसूत्रात. तिसऱ्या अधिकरणात, लहानपणापासून एखाद्या मुलीचं मन कसं जिंकावं हे सांगताना तो मुलाला म्हणतो की तिच्याबरोबर फुलं वेच, माळा गुंफ, खेळातलं घर बांध, बाहुल्या खेळ, अन्नपाणी रांध. या रांधण्याच्या खेळाला तिथे जो शब्द आहे, त्याची सुरुवातही ‘भक्त’नेच होते. हेतू काहीही असो, चुलीपाशी मुलगा बसला आहे आणि ग्रंथकाराला त्यात विचित्र काही वाटत नाही. मला हा तपशील मोलाचा वाटतो.

मग तो उठून गेला कुठे? याचं एक उत्तर लग्नाच्या वयात आहे. एकोणिसाव्या शतकात आपल्याकडच्या कित्येक घरांत मुलगी आठ-दहा वर्षांची झाली की बोहल्यावर चढत असे. आनंदीबाई जोशींचं लग्न १८७४ साली नवव्या वर्षी झालं, तर रमाबाई रानड्यांचं त्याच्या आदल्या वर्षी, अकराव्या. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यानं दहाची मर्यादा बारावर नेली, तर केवढा गदारोळ उठला! लग्नासाठी मुलीचं वय किमान चौदा हवं, असं म्हणणारा शारदा कायदा यायला १९२९ उजाडावं लागलं. सहाव्या वर्षी इवली परात हाती आलेल्या पोरीला दहाव्या वर्षी खरी परात उचलायची होती. दोन्हींच्या मध्ये शाळा नव्हतीच. खेळ आणि काम यांत अंतर उरलं ते फक्त भांड्याच्या मापाचं. रमाबाई लिहा-वाचायला लागल्या तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते खपलं नाही. त्यांच्या आठवणींत ते सगळं आलं आहे. परात कुणाला खुपली नसती.

बाहुला-बाहुलीचं लग्न हा भातुकलीचाच पुढचा अंक. त्यात तर संसाराची सगळी उतरंड पाठ होते. वरमाई रुसते, विहीणबाईंचा मानपान राहून जातो, आणि बाहुलीच्या आईनं हात जोडायचे असतात. हे कुणी शिकवत नाही. सात वर्षांच्या पोरीला ते आपसूक येतं, कारण तिनं मांडवात डोळे उघडे ठेवलेले असतात.

मुलग्यांना या खेळात जागा नव्हती असं नाही. आमच्याकडे माझा थोरला भाऊ ‘बाबा’ व्हायचा. त्याला आम्ही ओसरीवर पाठवायचो, ते त्याचं ऑफिस. दहा मिनिटं तो बिचारा तिथे नुसता बसून राही. मग हाक मारली की येऊन पाटावर बसे, जेवे आणि पुन्हा ऑफिसला जाई. त्याला लाटणं हवं असायचं, हे मला आता कळतं. आम्हीच दिलं नाही. “बाबा कुठे पोळ्या लाटतात?” असं मीच म्हणाले होते.

वस्तू म्हणून भातुकली फार देखणी. पितळी संचात बंब, घंगाळ, जातं, पाटा-वरवंटा, खलबत्ता, विळी, किसणी, सोऱ्या, रवी, सांडशी, झारा, सगळं असतं. बोटभर सोऱ्यातून खरी शेव पडते, एवढं काम नेटकं. सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी तीच भांडी लाकडात कातून लाखेच्या रंगांत झळकवली. मातीची चूल जाऊन शेगडी आली, मग पंपाचा स्टोव्ह, मग गॅस, कुकर, मिक्सर. खऱ्या स्वयंपाकघरात जे जे आलं ते ते काही वर्षांत भातुकलीत उतरलं. पितळेचं ॲल्युमिनियम झालं, स्टील झालं, प्लास्टिक झालं. आणि प्लास्टिक आलं तसा गुलाबी रंगही आला. पितळेला तरी मुलगा-मुलगी असा रंग नव्हता.

एवढ्या बदलांत खेळायला बसणारी मात्र तीच राहिली. २०१९ साली देशभर झालेल्या वेळ-वापर पाहणीत सहा वर्षांपुढच्या सगळ्यांचा दिवस मोजला गेला. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका निघाल्या शंभरात ८१, पुरुष २६. करणाऱ्यांतही बाईची रोजची मिनिटं २९९, पुरुषाची ९७. मोजणी सहाव्या वर्षापासून, म्हणजे ऐन भातुकलीच्या वयापासून. सगळा दोष पितळेच्या भांड्यांवर टाकणं अन्यायाचं होईल. पण ओसरीवर पाठवलेला भाऊ मला त्या २६ च्या आकड्यात दिसतो. त्याच वर्षी बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा मिळून भाजी निवडताना दाखवले. मला ते चित्र फार आवडलं.

भाच्यासाठी मी शेवटी पितळीच संच घेतला. त्यानं पहिल्या दिवशी सोऱ्यात भिजवलेले पोहे घातले, ते अडकले, टाचणीनं काढावे लागले. मग त्यानं वाटीत गूळ-दाणे घेतले, वर चिमूटभर पाणी शिंपडलं, ढवळलं आणि वर्तमानपत्र वाचत बसलेल्या बापासमोर नेऊन ठेवलं. बापानं खाल्लं, छान झालंय म्हणाला.

“आता तू कर,” पोरगा म्हणाला आणि त्याच्या हातात पळी दिली.